समुद्रावर एक इंजिन थांबलें तर?

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं एका विद्यार्थ्याचे वडील शाळेंत मला भेटावयास आले. त्यांचा थोरला मुलगा अमेरिकेस शिकावयास निघाला होता. फीची, राहण्याची, थंडीच्या कपड्यांची सर्व तजवीज झाली होती. परंतु घरांतील माउलीच्या मनांतून एक भीति कांहीं केल्या जाईना. ते म्हणाले, "सर, एवढ्या मोठ्या विमानाला इंजिनें म्हणे दोनच असतात. खालीं नुसता समुद्र. त्यांतलें एक बंद पडलें, तर पोरानें काय करावें?"

ही भीति पोकळ होती असें मी म्हणणार नाहीं. १२ जून २०२५ रोजीं अहमदाबाद येथें उड्डाण होतांच एअर इंडियाचें विमान कोसळलें आणि विमानांतील २४२ पैकीं २४१ माणसें मृत्यु पावलीं, ही बातमी तेव्हां ताजी होती. तो अपघात धांवपट्टी सोडल्यावर कांहीं क्षणांतच, जमिनीवर झाला. समुद्रावरील लांबच्या प्रवासांत एक इंजिन थांबणें ही गोष्ट अगदीं निराळी आहे. पण आईच्या काळजीला असा फरक कळत नाहीं. त्या दिवशीं मीं जें उत्तर दिलें तें घाईचें होतें व त्यांस तें पटलें नाहीं, हें त्यांच्या चेहऱ्यावरून मला दिसलें. म्हणून तेंच उत्तर आज सावकाशपणें, विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजेल असें लिहीत आहें.

आपलें तेरखेडें फटाक्यांच्या धंद्यासाठीं प्रसिद्ध आहे. दारूकाम जेथें चालतें तेथील मुलांस एक गोष्ट शिकवावी लागत नाहीं: ठिणगी पडल्यावर नियम शोधावयास वेळ नसतो. दारू किती आणावयाची, कोठें ठेवावयाची, दार कोणीकडे उघडावयाचें, हें सर्व ठिणगीच्या आधीं ठरलेलें असावें लागतें. विमानाच्या सुरक्षिततेचें सारें शास्त्र याच एका वाक्यांत आलें आहे. इंजिन आकाशांत थांबतें. पण तें थांबल्यावर काय करावयाचें याचा बहुतेक निर्णय जमिनीवरच, कागद-पेन्सिल घेऊन, आधीं झालेला असतो.

प्रथम एक गैरसमज दूर करूं. इंजिन थांबलें म्हणजे विमान दगडासारखें खालीं येतें असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः विमानास वर धरून ठेवणारे पंख होत, इंजिन नव्हे. पंखांवरून वारा पुरेशा वेगानें वाहत आहे तोंवर ते विमानास उचलून धरितात. इंजिनाचें काम तो वेग टिकवून ठेवण्याचें आहे. शिवाय दोन इंजिनांचें प्रवासी विमान अशा हिशेबानेंच बांधलेलें असतें कीं, धांवपट्टीवर ठराविक वेग गांठल्यावर एक इंजिन गेलें तरी उरलेल्या इंजिनावर त्यानें उडावें, चढावें आणि सुखरूप उतरावें. ही परीक्षा दिल्यावांचून त्यास प्रवासी नेण्याचा परवाना मिळत नाहीं. बैलगाडीचा एक बैल खालीं बसला तर गाडी थांबते. विमान मात्र एका बैलावरही चालावें अशी त्याची घडण आहे.

तथापि तें पूर्वीसारखें चालत नाहीं. पस्तीस हजार फुटांवर हवा फार विरळ असते. तेथें राहण्यास दोन्ही इंजिनांचें बळ लागतें. एक थांबलें कीं विमान हळूहळू खालीं उतरूं लागतें, आणि आपल्या वजनाप्रमाणें वीस-पंचवीस हजार फुटांच्या आसपास स्थिरावतें. तेथील हवा दाट असल्यामुळें वेग घटतो, आणि तेवढेंच अंतर जाण्यास इंधन अधिक लागतें. म्हणून खरा प्रश्न "विमान पडेल काय?" हा नसून "उरलेलें इंजिन व उरलेलें इंधन यांच्या बळावर कोठें जावें?" हा आहे.

अशा वेळीं वैमानिकांस तीन कामांचा क्रम शिकविलेला असतो. पहिलें काम विमान सांभाळणें, दुसरें दिशा ठरविणें, आणि तिसरें बोलणें. आपणांस वाटेल कीं प्रथम मदतीची हांक मारावी. पण हांक ऐकणारा हजार कोसांवर बसलेला असतो. विमानाचा तोल त्यास सांभाळतां येत नाहीं. ज्याच्या हातीं सुकाणूं आहे त्यानें आधीं सुकाणूं धरावें. दिशा ठरवितांनाही एक दक्षता घ्यावी लागते. महासागरावर विमानांच्या ठराविक वाटा असतात, व एकाच वाटेवर वेगवेगळ्या उंचीवरून अनेक विमानें चाललेलीं असतात. तेव्हां खालीं उतरण्यापूर्वीं विमान आपल्या वाटेवरून वळवून कांहीं मैल बाजूस न्यावें लागतें. नाहींतर आपलें संकट खालून येणाऱ्या दुसऱ्याच्या माथीं बसावयाचें.

आतां दिशेचा हिशेब पाहूं. गाडी येडशीच्या वाटेवर मोडली तर गाडीवान विचार करतो: मागें गांव जवळ कीं पुढें? समुद्रावरही प्रश्न हाच. परंतु तेथें अंतर कोसांनीं मोजून भागत नाहीं, वेळानें मोजावें लागतें, कारण मध्यें वारा आहे. गणिताची आवड असलेल्या विद्यार्थ्यांसाठीं एक उदाहरण देतों. समजा, दोन विमानतळांमध्यें ३५०० किलोमीटर समुद्र आहे. एका इंजिनावर विमानाचा वेग तासास ७०० किलोमीटर आहे, आणि समोरून तासास १०० किलोमीटर वेगाचा वारा येत आहे. पुढें जातांना विमानाचा वेग पडेल ६००. मागें वळल्यास तोच वारा पाठीशीं येऊन वेग होईल ८००. अंतराचा मध्य १७५० किलोमीटरवर आहे. पण २००० किलोमीटर गेल्यावरही मागें येण्यास अडीच तास लागतील, आणि पुढचे १५०० किलोमीटर जाण्यासही अडीच तासच लागतील. तेव्हां निर्णयाचा बिंदु मध्यावर नसून त्याच्या २५० किलोमीटर पुढें आहे. या समवेळेच्या बिंदूच्या अलीकडे इंजिन थांबलें तर मागें फिरावें, पलीकडे थांबलें तर पुढें जावें. वाऱ्याचा त्या दिवसाचा अंदाज घेऊन हे बिंदु उड्डाणापूर्वींच नकाशावर मांडलेले असतात. वैमानिकास संकटाच्या वेळीं भागाकार करीत बसावें लागत नाहीं.

परंतु विमानतळापासून किती दूर जाणें शहाणपणाचें? याचें उत्तर काळाप्रमाणें बदलत आलें आहे. १९५३ सालीं अमेरिकेंत असा नियम झाला कीं, दोन इंजिनांच्या विमानानें, एक इंजिन बंद असतां साठ मिनिटांत गांठतां येईल अशा विमानतळापासून दूर जाऊं नये. त्या वेळचीं पिस्टनचीं इंजिनें वारंवार बिघडत, म्हणून हा नियम योग्यच होता. महासागर ओलांडणें हें त्या काळीं मुख्यतः चार इंजिनांचें काम असे. ८ जून १९४८ रोजीं मुंबईहून कैरो व जिनिव्हा या मार्गानें लंडनला गेलेलें एअर-इंडिया इंटरनॅशनलचें पहिलें विमान 'मलबार प्रिन्सेस' हेंही चार इंजिनांचेंच होतें.

पुढें जेट इंजिनें आलीं. तीं अधिक भरंवशाचीं ठरलीं. १९८५ सालीं मर्यादा १२० मिनिटांपर्यंत वाढली, १९८८ सालीं १८० मिनिटांपर्यंत, आणि २०१४ सालीं एअरबस कंपनीच्या ए-३५० या विमानास ३७० मिनिटांचा, म्हणजे सहा तासांहून अधिक मर्यादेचा, परवाना मिळाला. ही सवलत मागून मिळत नाहीं. ती कमवावी लागते. १८० मिनिटांच्या परवान्यासाठीं त्या जातीच्या सर्व विमानांचा मिळून असा हिशेब पाहतात कीं, हजार तासांच्या चालीस इंजिन उड्डाणांत बंद पडण्याचें प्रमाण ०.०२ हून अधिक नसावें. म्हणजे पन्नास हजार तासांत एकदां. एखादें इंजिन रात्रंदिवस सारखें चालत ठेवलें, तर पन्नास हजार तास होण्यास पावणेसहा वर्षांच्या आसपास काळ लागेल. या प्रमाणानें एक इंजिन थांबल्यावर पुढील तीन तासांत दुसरेंही थांबण्याचा संभव सुमारें सोळा-सतरा हजारांत एक इतका अल्प येतो.

येथें चिकित्सक विद्यार्थ्यानें हात वर केला पाहिजे. हा हिशेब एका अटीवरच खरा आहे: दोन्ही इंजिनांचे दोष परस्परांपासून स्वतंत्र असले पाहिजेत. ज्या कारणानें पहिलें थांबलें त्याच कारणानें दुसरेंही थांबणार असेल, तर सारें गणित फुकट! ५ मे १९८३ रोजीं ईस्टर्न एअरलाइन्सचें तीन इंजिनांचें एक विमान मायामीहून नासाऊस निघालें होतें. तिन्ही इंजिनांच्या वंगणाची एक तपासणीची खूणगांठ पहाटे काढून पुन्हां बसविली होती; परंतु तीं बसवितांना तिन्ही ठिकाणीं रबराचें लहानसें कडें घालावयाचें राहिलें. समुद्रावर तिन्ही इंजिनांतील वंगण गळून गेलें व एकामागून एक तिन्ही थांबलीं. सर्वांत आधीं बंद केलेलें इंजिन पुन्हां सुरू झालें, म्हणून विमान कसेंबसें मायामीस परत आलें व सर्व माणसें वांचलीं. इंजिनें तीन होतीं, पण चूक एकच होती. म्हणूनच आज असा दंडक आहे कीं, लांबच्या समुद्रप्रवासास जाणाऱ्या विमानाच्या दोन्ही इंजिनांवर तेंच काम एकाच वेळीं एकाच कारागिरानें करूं नये. करावेंच लागलें तर स्वतंत्र तपासणी व्हावी. एकाच माणसाचा विसर दोन्हीकडे जाऊं नये, एवढाच यांतील अर्थ.

निसर्गही कधीं कधीं असा एकच घाला सर्वांवर घालतो. २४ जून १९८२ रोजीं ब्रिटिश एअरवेजचें चार इंजिनांचें विमान लंडनहून निघून मुंबईमार्गे पुढें आलेलें, क्वालालंपूरहून ऑस्ट्रेलियाकडे चाललें होतें. रात्रीच्या अंधारांत जावा बेटावरील गालुंगगुंग ज्वालामुखीची राख इंजिनांत शिरली आणि ३७,००० फुटांवर चारही इंजिनें बंद पडलीं. विमान निःशब्दपणें तरंगत खालीं येऊं लागलें. तेवढ्या अवधींत वैमानिक पुन्हां पुन्हां इंजिनें सुरू करण्याची क्रिया करीत राहिले. राखेच्या ढगाखालीं आल्यावर तीं सुरू झालीं, आणि विमान जकार्तास सुखरूप उतरलें. चार इंजिनें असणें हेंच अभय, असें मानणाऱ्यांस ही गोष्ट विचार करावयास लावील.

आतां इंधनाविषयीं. मत्तयाच्या शुभवर्तमानांतील दहा कुमारींचा दृष्टांत आपण शाळेच्या प्रार्थनेंत ऐकला आहे. दिवे दहाही जणींजवळ होते. वराला उशीर झाला तेव्हां ज्यांनीं भांड्यांत जास्तीचें तेल घेतलें होतें त्याच आंत गेल्या. लांबच्या उड्डाणाचा हिशेब करणारा मनुष्य नेमका त्या पांच शहाण्या कुमारींसारखा वागतो. तो असें धरून चालतो कीं, सर्वांत अडचणीच्या बिंदूवरच इंजिन थांबेल. इतकेंच नव्हे तर त्याच वेळीं विमानांतील हवेचा दाबही जाईल, आणि प्रवाशांस श्वास घेतां यावा म्हणून दहा हजार फुटांपर्यंत खालीं उतरावें लागेल. त्या दाट हवेंतून पर्यायी विमानतळापर्यंत जाऊन, वर पंधरा मिनिटें घिरट्या घालण्याइतकें इंधन आरंभींच भरलेलें असावें लागतें.

हें सर्व असूनही अखेरचा निर्णय माणसालाच करावा लागतो. नियम असा आहे कीं, दोन इंजिनांच्या विमानाचें एक इंजिन थांबलें तर, वेळाच्या मानानें जो सर्वांत जवळचा योग्य विमानतळ असेल तेथें उतरावें. 'योग्य' म्हणजे धांवपट्टी पुरेशी लांब, हवामान बरें, आणि आग विझविण्याची सोय असलेला. तेथें चांगली हॉटेलें आहेत काय, कंपनीस खर्च किती येईल, प्रवासी रागावतील काय, हे प्रश्न त्या यादींत नाहींत. ६ जून २०२३ रोजीं एअर इंडियाचें दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोस निघालेलें बोइंग ७७७ विमान रशियाच्या अतिपूर्वेकडे असतां त्याच्या एका इंजिनांत दोष दिसला. पुढें पॅसिफिक महासागर होता. विमानांत २१६ प्रवासी व १६ कर्मचारी होते. वैमानिकांनीं विमान मगदान या दूरच्या गांवीं उतरविलें. युक्रेनच्या युद्धामुळें रशियावर पाश्चात्य देशांचे निर्बंध होते, भाषा परकी, एवढ्या माणसांस पुरेशी जागाही नव्हती. प्रवाशांस तात्पुरत्या निवाऱ्यांत दिवस काढावे लागले. दुसऱ्या दिवशीं मुंबईहून दुसरें विमान अन्न व सामान घेऊन निघालें, आणि ८ जून रोजीं सर्व प्रवासी सॅन फ्रान्सिस्कोकडे रवाना झाले. त्यांची गैरसोय झाली, पण एकाही माणसास इजा झाली नाहीं. नियमानें आपलें काम केलें तें असें.

तीन-चार इंजिनांच्या विमानास मात्र, तितकेंच सुरक्षित असेल तर, पुढें जाण्याची मोकळीक असते. २० फेब्रुवारी २००५ रोजीं लॉस एंजेलिसहून लंडनला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या चार इंजिनांच्या विमानाचें एक इंजिन उड्डाणानंतर लगेच बंद करावें लागलें. वैमानिकांनीं कंपनीशीं बोलून तिन्हींवर प्रवास चालू ठेवला. समुद्र पार झाला. पण खालच्या उंचीवर इंधन अपेक्षेहून अधिक लागल्यामुळें लंडन न गांठतां मॅंचेस्टर येथें उतरावें लागलें. नियम मोडला नव्हता, तरी तो निर्णय शहाणपणाचा होता काय, यावर मोठा वाद झाला. जें करण्यास मोकळीक आहे तें सर्वच करणें हिताचें असतें असें नाहीं, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

आणि जेथें कोणताच विमानतळ हातीं लागत नाहीं तेथें? १६ ऑक्टोबर १९५६ रोजीं होनोलुलूहून सॅन फ्रान्सिस्कोस जाणाऱ्या पॅन अमेरिकन कंपनीच्या विमानाचीं चारांपैकीं दोन इंजिनें गेलीं. मागें वा पुढें जमीन गांठण्याइतकें इंधन नव्हतें. कप्तान रिचर्ड ऑग यांनीं रात्रभर एका पहारेकरी जहाजाभोंवतीं घिरट्या घातल्या व उजाडल्यावर विमान पाण्यावर उतरविलें. पूर्वींच्या एका अपघातांत विमानाचें शेपूट तुटलें होतें हें त्यांस ठाऊक होतें, म्हणून मागील प्रवाशांस त्यांनीं आधींच पुढें बसविलें. शेपूट खरोखरच तुटलें; पण ३१ पैकीं ३१ माणसें वांचलीं. दुसऱ्याच्या अपघातापासून शिकलेला धडा असा कामीं आला.

आपल्या माणसांची गोष्ट याहून करुण आहे. ११ एप्रिल १९५५ रोजीं एअर-इंडिया इंटरनॅशनलचें 'काश्मीर प्रिन्सेस' हें विमान हाँगकाँगहून जकार्तास जात होतें. इंजिनाचा कांहीं दोष नव्हता. कोणी दुष्टानें त्यांत बाँब ठेवला होता. समुद्रावर १८,००० फुटांवर स्फोट झाला व उजव्या पंखास आग लागली. कप्तान जटार व त्यांच्या सोबत्यांनीं आगीजवळचें इंजिन बंद केलें, आपलें ठिकाण सांगून संकटाची हांक दिली, प्रवाशांस तरंगण्याचीं जाकिटें वांटलीं, आणि विमान पाण्याकडे नेलें. १९ पैकीं १६ जण गेले. सहवैमानिक दीक्षित, मार्गदर्शक पाठक व यंत्रज्ञ अनंत कर्णिक हे तिघे वांचले. कप्तान जटार व हवाईसेविका ग्लोरिया बेरी यांस मरणोत्तर अशोक चक्रानें गौरविण्यांत आलें. सर्व नियम पाळूनही कधीं कधीं माणसें वांचत नाहींत, हें सत्य मी मुलांपासून लपवूं इच्छीत नाहीं. पण शेवटच्या क्षणापर्यंत प्रत्येकानें आपलें नेमलेलें काम केलें, हेंही तितकेंच सत्य आहे. आणि त्या कामामुळेंच तिघे तरी घरीं आले.

आतां त्या पालकांच्या प्रश्नाचें उत्तर. एक इंजिन बंद पडलें तर पोरानें काय करावें? पट्टा बांधून बसावें, सांगतील तें ऐकावें, बाहेर पडावयाचें दार आपल्या खुर्चीपासून किती ओळींवर आहे तें बसतांनाच मोजून ठेवावें, आणि उतरावें लागलें तर पेटीचा मोह सोडावा. बाकीचें काम इतरांनीं आधींच करून ठेवलेलें आहे. आणि घरच्यांनीं काय करावें? मुलगा एखाद्या अनोळखी गांवाहून रात्रीं-अपरात्रीं फोन करून म्हणाला, "आई, विमान भलतीकडेच उतरलें, उद्यां पोंचेन," तर त्या माउलीनें घाबरूं नये. ती वाईट बातमी नव्हे. कोणीतरी आपला मान, पैसा आणि वेळ बाजूस ठेवून तिच्या मुलाच्या जिवाचा विचार प्रथम केला, याची ती बातमी आहे.

तो मुलगा ऑगस्टांत सुखरूप पोंचला. या लेखाची एक प्रत मीं त्याच्या घरीं पाठविणार आहें.